चीजचं चीज

डेअरीवर दूध घालून परत येणाऱ्या माणसाला सातारा-सांगलीकडच्या गावांत हमखास विचारतात, "फॅट किती लागली?" गाईच्या दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ या मापावर सांगितला जातो. एसएनएफ म्हणजे दुधातून पाणी आणि स्निग्धांश वजा केल्यावर जे घन उरतं ते : प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. फॅटचा आकडा खाली आला की भावही खाली येतो. "आज फॅट लागली नाही" असं कुणी म्हटलं की त्या घरात पेंडीचा, चाऱ्याचा आणि गाईच्या तब्येतीचा विषय निघतो.

आता पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या बाजारात या. दुकानातल्या फ्रीजच्या काचेमागे चीजची पाकिटं रचलेली असतात. त्यातलं एखादं शेजारच्या पाकिटापेक्षा महाग असतं आणि त्यावर ठळक अक्षरांत 'लो फॅट' लिहिलेलं असतं. घाटाखाली जे कमी भरलं म्हणून पैसे कापले जातात, तेच घाटावर कमी आहे म्हणून आपण जादा पैसे मोजतो.

पैसे मोजल्यावर काय होतं, ते ज्यांनी ते पाकीट घेतलंय त्यांना माहीत आहे. ब्रेडवर चीज घालून तव्यावर ठेवावं, झाकण घालावं, वाट बघावी. कडा वाळतात, वर एक पापुद्रा धरतो, खाली घाम आल्यासारखं पाणी सुटतं. तार काही सुटत नाही. चावलं तर खारट आणि रबरासारखं. अर्धं पाकीट फ्रीजच्या दारात जाऊन बसतं, आणि आठवड्याभरात कुणीतरी फोनवर 'उरलेल्या चीजचं काय करावं' असं शोधतं.

या शोधातून जे वाचायला आणि पाहायला मिळतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. उरल्यासुरल्याच्या पाककृती हा लिखाणाचा एक प्रकार आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी तो चालवला, आता रील्स चालवतात. हा प्रकार मी आवडीने वाचते. पण लो फॅट चीज ही त्याची परीक्षा आहे, आणि बहुतेक नमुने तिच्यात नापास होतात.

आधी एक फरक करू. आपल्या घरांत वाया जाऊ न देण्याची जी विद्या आहे ती शिळ्याची, उरलेल्याची आणि नासलेल्याची आहे. कालच्या पोळ्यांची फोडणीची पोळी, कालच्या भाताचा फोडणीचा भात, फाटलेल्या दुधाचा कलाकंद, त्यातून निघालेल्या पाण्यात भिजवलेली कणीक. यातल्या प्रत्येक पदार्थाचा आदला दिवस चांगला गेलेला असतो. पोळी काल मऊ होती, दूध काल गोड होतं. लो फॅट चीजला असा चांगला काल नाही. ते ताजं आहे, मुदतीत आहे, महाग आहे आणि पहिल्या घासापासून कुणाला नको आहे. ते शिळं झालेलं नाही, फसलेलं आहे. फसलेल्या वस्तूचं काय करायचं, याची आपल्याकडे फारशी सवय नव्हती, कारण पाकीट उघडेपर्यंत आत काय आहे ते कळणार नाही अशा वस्तू स्वयंपाकघरात फार नव्हत्या.

म्हणून लिहिणाऱ्याचं पहिलं काम निदान करण्याचं आहे. हे चीज असं का वागतं? चीज म्हणजे केसीन या दुधातल्या प्रथिनाची जाळी, आणि त्या जाळीच्या फटींत अडकलेले स्निग्धांशाचे थेंब आणि पाणी. गरम केल्यावर थेंब पातळ होतात, जाळी सैल पडते, चीज वाहायला लागतं. सुटलेल्या तुपकटपणाचा पातळ थर वर पसरतो, त्यामुळे पृष्ठभाग वाळत नाही. स्निग्धांश काढून घेतला की प्रथिनांची जाळी दाट आणि घट्ट होते. ती सहजी सैल होत नाही, आणि वर तेलाचा थर नसल्यामुळे उघड्या आचेवर कातडं धरतं. चवीचंही तसंच. वासाचे पुष्कळसे घटक स्निग्धांशात विरघळतात आणि त्याच्याबरोबर जिभेवर रेंगाळतात. तो गेला की उरतं मीठ, थोडा आंबटपणा आणि चिवटपणा.

इतकं कळलं तरी अर्धं काम होतं. या वस्तूत काय नाही ते कळलं : वितळणं नाही, दरवळ नाही. काय आहे तेही कळलं : मीठ आहे, प्रथिन आहे, आणि आचेवर आकार धरून ठेवण्याची ताकद आहे. मी पाहिलेल्या बहुतेक रील्समध्ये हे निदान नसतं. त्यांत त्या चीजकडून पुन्हा तेच काम करून घेतात जे त्याला जमलं नव्हतं. पिझ्झा, चीज टोस्ट, चीज बर्स्ट पराठा. जमावं म्हणून वर मोझरेला घालतात, लोणी घालतात, क्रीम घालतात, शेझवान चटणी ओततात. शेवटी तार सुटते आणि बोटाने ओढून दाखवली जाते. ती तार अर्थातच मोझरेलाची असते. अर्धं पाकीट वाचवण्यासाठी तीन नवी पाकिटं फोडली गेली, आणि पुढच्या आठवड्यात त्या तिघांचे अर्धे भाग फ्रीजच्या दारात येऊन बसणार. याला वाचवणं म्हणता येत नाही. वस्तूची चव झाकून ती पोटात ढकलण्याची ही युक्ती आहे.

याच्याशेजारी फोडणीची पोळी ठेवून बघा. ती शिकायला कुणी पुस्तक उघडत नाही, आणि तरी तिचं तर्कशास्त्र पक्कं आहे. शिळी पोळी कोरडी आणि चिवट असते. तिला पुन्हा मऊ घडीची पोळी करायच्या फंदात कुणी पडत नाही. ती कुस्करली जाते, म्हणजे जो आकार आता तिला पेलवत नाही तो काढून घेतला जातो. मग तेलात मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता, कांदा. तेल कोरडेपणा भरून काढतं आणि हिंग-मोहरीचा वास सगळीकडे पोचवतं. पाण्याचा हबका आणि झाकण तिला ओलावा देतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिला नवं नाव मिळतं. फोडणीच्या पोळीला कुणी 'कालच्या पोळीपेक्षा कमी' असं म्हणत नाही, कारण ती आता त्या स्पर्धेतच नाही. काही घरांत तर ती मिळावी म्हणून रात्री दोन पोळ्या जास्त लाटतात.

आमच्या पाचगणीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण खोक्यात ओळीने मांडता येईल अशी फळं सगळीच नसतात. हंगाम उतरायला लागला की फळ बारीक येतं, आकार बिघडतो, मऊ पडलेलं फळ तर मुंबईपर्यंत टिकतही नाही. अशा फळाला जॅम, क्रश आणि सरबताच्या कारखान्यांचा रस्ता असतो. मॅप्रोचं काम इथे 1959 मध्ये सुरू झालं, आणि आज पर्यटकाच्या पिशवीत फळाच्या खोक्याइतकीच हक्काची जागा बाटल्यांना आहे. जॅमची बाटली स्वतःला ताजी स्ट्रॉबेरी म्हणवून घेत नाही. ती फळाचा आकार सोडून देते आणि रंग, आंबटपणा, वास यांच्यावर उभी राहते. वेड्यावाकड्या फळाचं चीज होतं ते असं.

'चीज होणं' हा आपला वाक्प्रचार इथे मला फार उपयोगी वाटतो. कष्टाचं चीज झालं, शिक्षणाचं चीज झालं असं आपण म्हणतो, तेव्हा एखाद्या गोष्टीत जे खरोखर होतं ते कारणी लागलं असं म्हणायचं असतं. पाकिटावरच्या दाव्याचं चीज करता येत नाही. आत जे आहे त्याचं करता येतं. आणि समीक्षा तरी वेगळं काय करते? एखादी कादंबरी महाकाव्य म्हणून विकली गेली आणि तशी निघाली नाही, तर तिला फाडून टाकणं सोपं आहे आणि तिची खोटी स्तुती करणं त्याहून सोपं. तिच्यातली दोन माणसं जिवंत आहेत, एवढं शोधून सांगणं हे काम. उरल्यासुरल्याची चांगली पाककृती हेच करते.

तर लो फॅट चीजला कुठल्या कामावर लावायचं?

पहिलं थालीपीठ. भाजणीत बारीक किसलेलं चीज, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट. एक वाटी भाजणीला पाव वाटी कीस पुरतो. मीठ नेहमीच्या निम्मं घालावं, कारण चीजमध्ये ते आधीच आहे. ही सूचना बहुतेक रील्समध्ये नसते आणि म्हणून त्यांचे पदार्थ खारट होत असणार. तव्यावर थापताना मध्ये भोक पाडून तेल सोडायचं. इथे चीजने वितळावं अशी कुणाची अपेक्षाच नाही. भाजणीच्या खरखरीतपणात त्याचा चिवटपणा लपतो, आणि जिथे कीस तव्याला टेकतो तिथे खमंग, कुरकुरीत ठिपके पडतात. उघड्या आचेवर कातडं धरण्याचा जो दोष होता, तो इथे गुण झाला.

दुसरी भुर्जी. चीजचा ठोकळा असेल तर हाताने मोडून घ्यावा. कांदा-टोमॅटो परतून, हळद-तिखट घालून, सगळं शिजल्यावर शेवटी हे तुकडे घालायचे आणि मिनिटभरात गॅस बंद करायचा. पनीरसारखे ते आकार धरून राहतात. पूर्ण चरबीचं चीज इथे वितळून लगदा झालं असतं. हे काम लो फॅटलाच जास्त शोभतं. स्लाइस असतील तर हा नाद सोडावा, त्या कढईला चिकटतात.

तिसरं या भागातलंच. महाबळेश्वर-पाचगणीच्या पॉइंटांवर मक्याचे पॅटिस मिळतात. उकडलेला बटाटा, भरडलेले मक्याचे दाणे, आलं-मिरची, आणि त्यात हा कीस. बटाट्याचा पिठूळपणा ओलावा धरून ठेवतो, मक्याची गोडी खारटपणाला तोल देते.

आता एक रास्त हरकत. या तिन्हींत तेल आहे. मग लो फॅट घेतलं कशाला? हरकत खरी आहे आणि रील्स ती टाळतात. फोडणी म्हणजे काढून घेतलेला स्निग्धांश बाहेरून परत देणं. ज्यांनी कुतूहलाने किंवा चुकून ते पाकीट घेतलं त्यांना याने काही फरक पडत नाही. पण घरात कुणाला डॉक्टरांनी खरोखर पथ्य सांगितलं असेल तर तेलात परतलेलं लो फॅट चीज ही स्वतःची समजूत घालणं आहे. त्यांच्यासाठी ते न शिजवताच बरं : काकडी-टोमॅटोवर चमचाभर बारीक कीस, वर लिंबू आणि मिरपूड, मिठाऐवजी. आणि रक्तदाबाचं पथ्य असेल तर तेही जपून, कारण फॅट काढली म्हणजे मीठ काढलं असं होत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत. भारतातल्या नियमांप्रमाणे घन पदार्थाला 'लो फॅट' म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये 3 ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही. बोलण्यात आपण ज्याला लो फॅट म्हणतो, त्यातलं बरंच चीज नेहमीपेक्षा कमी चरबीचं असतं, इतकंच.

आणखी एक मर्यादा. न टाकण्याच्या भरात खराब झालेलं खाऊ नये. घट्ट ठोकळ्यावर एका जागी बुरशी दिसली तर तिच्या भोवतालचा इंचभर भाग कापून बाकीचं वापरता येतं. स्लाइस, कीस आणि मऊ चीजवर बुरशी आली तर सगळं टाकावं. काटकसरीला इथे थांबता आलं पाहिजे.

चरबी काढणं ही मुळातच फसवणूक आहे असं मात्र मला म्हणायचं नाही. मुंबईत 1946 च्या सुमारास दारा खुरोडी यांनी टोन्ड दूध आणलं. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून तो तीन टक्क्यांपर्यंत आणायचा, म्हणजे तेवढ्याच म्हशींच्या दुधात जास्त लोकांना, परवडेल अशा किमतीत दूध देता येतं. पुढे 1963 मध्ये खुरोडींना व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज पिशवीवर 'टोन्ड' वाचताना कुणाला ते काटकसरीचं दूध वाटत नाही. त्या दुधातही फॅट कमीच होती. पण ती कमी झाल्याचा फायदा ज्याच्या हातात पैसे कमी होते त्याला मिळत होता, आणि दूध स्वस्त होत होतं. महाग लो फॅट चीजच्या बाबतीत असा माणूस शोधून सापडत नाही. शिवाय दुधातून काढलेला स्निग्धांश हवेत विरत नाही. त्याचं क्रीम होतं, लोणी होतं, तूप होतं. पाचगणीत तो स्ट्रॉबेरी विथ क्रीमच्या ग्लासात वरच्या थराला भेटतो. सकाळी तो नको म्हणून पैसे द्यायचे आणि दुपारी हवा म्हणून द्यायचे, असा हा दिवस.

आता या लिखाण-प्रकारावरची माझी खरी तक्रार. 1875 मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' छापलं गेलं, 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' आलं, 1970 मध्ये सांगलीच्या कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. वाटी आणि चमचा ही मापं वापरून 'रुचिरा'ने नवख्या माणसाला हाताशी धरलं. पाककृतीच्या पुस्तकाने आपल्याला काय, किती आणि कसं, हे नेमकं सांगायला शिकवलं. उरल्यासुरल्याच्या पाककृतीत एक चौथा प्रश्न असतो आणि तो कुणीच विचारत नाही : हे कोण खाणार?

घरात शिळी पोळी कुणाच्या ताटात जाते, हे वेगळं सांगायला नको. सगळ्यांना ताजं वाढून झालं की आई कालचं संपवते. विचारलं तर म्हणते, "मला आवडतं." तिला खरंच आवडतंही असेल, पण तिला निवड कधी मिळाली होती? उपदेश सगळ्यांसाठी आणि घास एकीसाठी, अशी ही काटकसर आहे. लो फॅट चीज मुलाने जिमचा उत्साह असताना आणलं असेल, किंवा वडिलांनी तपासणीचा रिपोर्ट आल्यावर आणलं असेल. पंधरा दिवसांनी त्याचं थालीपीठ लावण्याचं आणि उरलेलं संपवण्याचं काम मात्र जिने ते आणलं नव्हतं तिच्याकडे आलेलं असतं.

पाचगणीत राहत असल्यामुळे मला याचं दुसरंही रूप दिसतं. शनिवार-रविवारी इथले बंगले भाड्याने जातात. सोमवारी पाहुणे गेल्यावर फ्रीजमध्ये अर्धी पाकिटं उरतात : ब्रेडचं शेवटचं टोक, तीन अंडी, उघडलेलं मेयोनीज आणि कुणालाच न आवडलेलं चीज. निघताना गाडीच्या काचेतून सांगतात, "काका, फ्रीजमधलं सगळं घेऊन जा हं, वाया नको जायला." बंगला सांभाळणारा माणूस मान हलवतो. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण घडतं ते असं, की जे आपल्याला नको होतं ते संपवण्याची जबाबदारी आपण दुसऱ्याच्या घरी पाठवली आणि वर एक पुण्यही पदरात पाडून घेतलं. शहरात हेच पाकीट कामाला येणाऱ्या मावशींच्या पिशवीत जातं. त्यांच्या घरीही ते वितळत नाही.

न उघडलेलं, मुदतीतलं पाकीट विचारून देणं यात काही गैर नाही. समोरच्याला 'नको' म्हणता येत असेल तर ते देणं आहे. ज्याला 'नको' म्हणणं परवडत नाही त्याच्या हातात आपलं फसलेलं खाणं ठेवलं, तर आपण कचऱ्याचा डबा बदलला, एवढंच.

माझी समीक्षा म्हणून मागणी साधी आहे. न टाकण्याचा उपदेश करणाऱ्या प्रत्येक पाककृतीने तीन गोष्टी सांगाव्यात. ही वस्तू का फसली. तिच्यातलं काय अजून कामाचं आहे. आणि ज्याने ती विकत आणली तो ती खाणार आहे की नाही. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या दोन्हींना फारसा अर्थ राहत नाही. स्वतः आणलेलं फसलेलं चीज स्वतः किसून, भाजणीत मळून, स्वतः खाणाऱ्या माणसाला त्या वस्तूबद्दल पुष्कळ कळतं. पुढच्या वेळी दुकानात फ्रीजचं दार उघडताना त्यातलं थोडं तरी आठवतं.

पाककृतीच्या डोक्यावर 'चार जणांसाठी' असं लिहिण्याची पद्धत आहे. उरल्यासुरल्याच्या पाककृतीवर ते चार जण कोण, हेही लिहायला हवं.